आवाजाची पॉवर असलेली खलनायिका कॉमिकमध्ये कशी उभी करायची: खान्देशातली ‘हाळी’, पहिल्या कल्पनेपासून छपाईपर्यंत

मागच्या मे महिन्यात अमळनेरला भाचेकंपनी जमली होती, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून पंख्याखाली बसून सगळ्यांनी मिळून कॉमिक काढायला घेतलं. पोरांना व्हिलन पाहिजे होती, ती पण बाई, आणि पॉवर आवाजाची. पोरं गेली आपापल्या गावी पण ती बाई काही माझ्या डोक्यातून गेली नाही. तिचं नाव हाळी. सोळा पानांचा पहिला अंक छापून झालाय, आणि बरेच जण विचारतात की हे केलं कसं, म्हणून पूर्ण प्रोसेस लिहितेय, जिथे मला जास्त वेळ लागला तिथे जास्त लिहीन.

सुरुवात तिच्या जखमेपासून करा

ड्रेस, केस, चेहरा, लोगो हे सगळं नंतर. आधी हे ठरवा की ह्या बाईचं कुणी ऐकलं नाही, आणि कधी. आवाजाची पॉवर असलेल्या कॅरेक्टरमध्ये हाच जीव असतो.

मार्व्हलची साँगबर्ड बघा. मेलिसा गोल्ड तिचं नाव, १९७९ मध्ये ती ‘स्क्रीमिंग मिमी’ म्हणून पहिल्यांदा आली, कुस्ती खेळणाऱ्या बायकांच्या ग्रॅपलर्स नावाच्या टोळीत. बाप दारुडा, आई जेलमध्ये, पोरगी घरातून पळालेली. पुढे तिचा जोडीदार अँगार तिच्या डोळ्यांसमोर मरतो आणि ती इतकी किंचाळते की तिची पॉवरच जाते. मग फिक्सर नावाचा माणूस तिला एक यंत्र बनवून देतो, क्लॉ ह्या जुन्या आवाजवाल्या व्हिलनच्या टेक्नॉलॉजीवरून, आणि त्यानंतर तिचा आवाज घट्ट व्हायला लागतो, त्याचे पंख होतात, भिंती होतात. १९९७ मध्ये कर्ट ब्युसिक आणि मार्क बॅगली ह्यांच्या थंडरबोल्ट्स ह्या कॉमिकमध्ये ती हीरो असल्याचं नाटक करते आणि नाटक करता करता तिला खरंच चांगलं वागावंसं वाटायला लागतं. मला ह्यातलं सगळ्यात जास्त काय भिडलं तर तिचं दुःख आणि तिचं हत्यार एकाच गळ्यात आहे. एक काढलं की दुसरं पण जातं.

आता तसंच आपल्या मातीतलं शोधायचं. मी बरेच दिवस डीजेवाला बाप, बँडवाला काका असं काहीतरी लिहून बघितलं, जमलं नाही, कारण त्यात पोरगी नुसती गोंगाटात वाढलेली होती, तिचं स्वतःचं काही नव्हतं. मग जिनिंग आठवलं, म्हणजे कापसातून सरकी (कापसाचं बी) वेगळी काढायचा कारखाना. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंग चालू झालं की आत शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान हळूहळू जातात, आणि एकदम सगळं नाही जात, आधी वरच्या पट्टीतलं जातं, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं पण स, श, फ, त, क ही अक्षरं गळतात. ‘सात’ म्हटलं तर ‘आत’ ऐकू येतं. आणि बारीक आवाज आधी हरवतो, म्हणजे बायकांचा आणि लेकरांचा.

इथे माझी हाळी सापडली. तिचं खरं नाव वेणू. आई जिनिंगमध्ये सरकी उचलायला जाते, आईला ऐकू कमी येतं, म्हणून वेणू लहानपणापासून घरात मोठ्यानेच बोलते, ती तिच्या मायेची भाषा आहे. आणि शाळेत तिला रोज त्याच्याचसाठी तोंडावर बोट ठेवून मागे बसवतात. मग एका रात्री जिनिंगमध्ये आग लागते, वेणू गेटवरून ओरडते, आणि गेटवरचा माणूस म्हणतो ही तर नेहमीच ओरडते.

बस. एवढी एक गोष्ट पक्की झाली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, माझे तरी सुटले. तुमच्या कॅरेक्टरसाठी पण असं एकच वाक्य लिहा: ‘ती ओरडली तेव्हा अमुक माणसाने ऐकलं नाही, कारण...’ आणि ते ‘कारण’ पटण्यासारखं पाहिजे, गेटवरचा माणूस राक्षस नको, थकलेला नोकरदार माणूस पाहिजे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कमी ऐकू येणं हा विनोद करू नका. आपल्याकडे बहिऱ्या माणसाचे जोक लहानपणापासून ऐकलेले असतात आणि ते नकळत संवादात शिरतात. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये दोन ठिकाणी शिरले होते, काढून टाकले.

पॉवरला हिशेब लावा

पॉवर अमर्याद असली की गोष्ट मरते. आवाजाचं बरं आहे, त्याचे नियम आपल्याला शाळेत शिकवलेलेच असतात, फक्त ते गोष्टीत वापरायचे.

पहिला नियम अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. हाळी एका मीटरवर १२० डेसिबल काढत असेल, म्हणजे कान दुखायला लागतील एवढा, तर २ मीटरवर ११४, ४ मीटरवर १०८, आणि साधारण एक किलोमीटरवर फक्त ६०, म्हणजे नेहमीच्या बोलण्याएवढा. म्हणून तिला जवळ यावंच लागतं, आणि जवळ आली की तिचा चेहरा दिसतो, चेहरा दिसला की संवाद होतो. गोष्टीला हेच पाहिजे असतं.

दुसरा वेळेचा. हवेत आवाज ० अंशाला सेकंदाला ३३१ मीटर जातो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे जळगावच्या ४५ अंशात जवळजवळ ३५८. ढोबळ हिशेब, एक किलोमीटरला तीन सेकंद. हे कॉमिकमध्ये फार कामाचं आहे: पहिल्या पॅनलमध्ये लांबवर तिचं तोंड उघडलेलं, दुसऱ्यात माणूस चहाचा कप उचलतोय, तिसऱ्यात कप ओठाशी, चौथ्यात कप फुटला. मधले दोन पॅनल एकदम शांत. वाचणाऱ्याला माहिती आहे काय येतंय, चहावाल्याला नाही.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. रात्री आमच्याकडे लांबच्या गाडीचा भोंगा शेतातल्या घरात स्पष्ट ऐकू येतो, दिवसा येत नाही, हे तुम्ही पण अनुभवलं असेल. त्याचं एक कारण रात्रीची शांतता आहेच, पण दुसरं असं की दिवसा जमीन तापते, जमिनीजवळची हवा गरम आणि वरची थंड, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. रात्री उलट, जमीन थंड झालेली, वरची हवा गरम, आवाज परत खाली वळतो आणि लांब पोचतो. म्हणून हाळी भर उन्हात कमजोर आहे आणि पहाटे सगळ्यात भारी. शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी असते, गाव शांत असतं. तिची वेळ अशी ठरली, मी काही ओढून ताणून बसवली नाही.

चौथा रेझोनन्स. हे समजावताना लोक काचेचा ग्लास घेतात, मी आखाजीचा, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचा झोका घेते. कडुनिंबाला झोका बांधलाय, पोरगी बसलीय, तुम्ही कसाही धक्का मारला तर झोका अडखळतो, पण तो परत येऊन थांबतो बरोबर त्या क्षणाला हलका धक्का दिला, परत दिला, परत दिला, की झोका फांदीला भिडतो. प्रत्येक वस्तूची अशी एक लय असते आणि हाळीला ती ऐकू येते. तिला जोराने ओरडायची गरजच नाही, ती गुणगुणते. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे ऐकले असतील, एक हलवला की दुसरा हलायचा, त्यातला एक आता पडलाय. माझ्या गोष्टीत वेणू लहानपणी मायेसोबत तिथे गेलेली असते आणि तिला वाटतं की एकाने हाक मारली आणि दुसऱ्याने ऐकली. पुढे मोठी झाल्यावर ती हेच पाडायला वापरते.

आणि आता कमजोरी. ही मी चार महिने शोधत होते. कानात बोळे, इअरप्लग, सायलेन्सर यंत्र, सगळं लिहून बघितलं, सगळं उसनं वाटलं. उत्तर पहिल्या पानावरच होतं. कापूस. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज शोषून घेते, हवा त्या तंतूंमध्ये घासत जाते आणि आवाजाची उष्णता होते. रुईने भरलेल्या गोडाऊनमध्ये हाळीचा आवाज भिंतीपर्यंत पोचत नाही. एक गाठ १७० किलोची, अशा शेकडो गाठी रचलेल्या, मधल्या गल्लीत ती उभी, आणि ती ओरडते तर स्वतःला पण नीट ऐकू येत नाही. जिथे तिची माय गेली तीच जागा तिला गप्प करते.

पण इथे एक बारकावा आहे. कापूस वरची पट्टी चांगली शोषतो, खालची तेवढी नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती गाठीतून निसटते. म्हणून शेवटच्या पानांवर ती किंचाळणं सोडून आवाज खाली खाली नेते. त्यात तिचं कॅरेक्टर पण बदलतं, कारण आयुष्यभर ती वरच्या पट्टीत बोललीय, मायेला ऐकू यावं म्हणून, आणि मायेला नेमकी तीच पट्टी ऐकू येत नव्हती. हे तिला तिथे, त्या गोडाऊनमध्ये कळतं. हे पान काढताना मी रडले होते, खरं सांगते.

तिला खरंच गुन्हा करू द्या

दुःखी भूतकाळ दिला की लेखकाचा हात आखडतो, वाटतं बिचारी आहे, तिच्याकडून वाईट कसं करवायचं. मग ती व्हिलन राहत नाही. हाळी आधी गेटवरच्या माणसाचा आवाज काढून घेते, मग शाळेतल्या बाईंचा, इथपर्यंत वाचणारा तिच्या बाजूने असतो. तिसऱ्या वेळेस ती भुसावळकडे येणाऱ्या गाडीचा भोंगा गिळते, आणि रुळावर एक शेळ्या वळणारी पोरगी आहे, तिचा काहीच दोष नाही. इथे वाचणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे.

तिच्यासमोर कोण उभं करायचं ह्यावर पोरांचं मत होतं उडणारा हीरो. मी रेल्वेचा कीमन घेतला, रिटायरमेंटला आलेला, रोज हातोडी घेऊन रूळ तपासत चालणारा. पोलादात आवाज हवेपेक्षा साधारण पंधरा पट वेगाने जातो, त्यामुळे भोंगा नसला तरी त्याला रुळाला कान लावून कळतं. ‘रूळ बोली राह्यना,’ एवढंच म्हणतो तो आणि पळत सुटतो. ऐकणं हीच त्याची पॉवर. हाळीला आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारा माणूस भेटतो आणि तो नेमका तिच्या विरोधात असतो.

भाषेचं म्हणाल तर, निवेदन मराठीत ठेवा आणि माणसं जशी बोलतात तशी बोलू द्या. वेणू मायेशी अहिराणीत बोलते, शाळेत प्रमाण मराठीत, आणि हाळी झाल्यावर परत अहिराणीत. ज्याला अहिराणी येत नाही त्याला चित्रावरून कळलं पाहिजे, खाली अर्थ देत बसू नका.

कागदावर आवाज कसा दिसतो

कागद मुका असतो. त्यामुळे आवाज अक्षरातून आणायचा, आणि इथे देवनागरीसारखी लिपी हातात असताना ‘बूम’ आणि ‘क्रॅश’ कशाला लिहायचं. आधी एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त आवाज लिहा. मी लिहिलेले थोडे: पत्र्यावर गारा तडतडतात, केळीचं पान वाऱ्याने फाटतं ते फर्रर्र, कळण्याची भाकरी थापताना थप थप, विहिरीत बादली पडते ते डुबुक्, जिनिंगचं घर्रर्र घर्रर्र आणि मधेच खट्. लिहिताना एक लक्षात आलं की घ, ध, भ, ढ ह्या अक्षरांना वजन आहे, ट, ठ, ख ला धार आहे, आणि अनुस्वार लागला की आवाज घुमतो: टण् म्हणजे ताट पडलं, टणंणंण म्हणजे घंटा.

लांबवायला आपल्याकडे अवग्रह आहेच. ‘माऽऽऽय’ मध्ये तीन अवग्रह लिहिले की वाचणारा आपोआप ओढतो.

आणि शिरोरेषा. ही माझ्या मते आपली सगळ्यात मोठी शक्ती आहे. हाळी गुणगुणते तेव्हा शिरोरेषा थोडी लाटेसारखी हलते. ओरडते तेव्हा शिरोरेषा पॅनलची चौकट फोडून बाहेर जाते आणि पुढच्या पॅनलमधल्या माणसाला लागते. ती कुणाचा आवाज काढून घेते तेव्हा त्या माणसाच्या संवादाच्या फुग्यात फक्त शिरोरेषा उरते, खाली अक्षरच नाही. कोरी रेघ. हे सुचलं त्या दिवशी मी बाकी काही काम केलं नाही.

आगीचं पान जसं काढलं तसं सांगते, म्हणजे अंदाज येईल. सहा पॅनल. पहिला रुंद, रात्रीचं जिनिंग बाहेरून, खिडकीत केशरी ठिपका, घर्रर्र पूर्ण पॅनलभर पण फिकट. दुसऱ्यात वेणूचा चेहरा, ‘माय, आग लागनी!’ जाड अक्षरात. तिसऱ्यात तेच वाक्य पण मशीनच्या घर्रर्रच्या मागे, निम्मं झाकलेलं. चौथ्यात गेटवरचा माणूस, हातात तंबाखू, मान सुद्धा वळवत नाही. पाचव्यात माय, पाठमोरी, टोपलीत सरकी भरतेय, आणि तिच्या फुग्यात नाही, तिच्या कानाजवळ छोटं ‘आ...’ एवढंच पोचलेलं. सहावा पॅनल पूर्ण पांढरा, कापूस. आवाज काहीच नाही. जळताना दाखवलेलं एकही चित्र नाही आणि मला ते दाखवायचं पण नव्हतं.

सामान, स्कॅन, छपाई

हे पटकन सांगते. आधी छोट्या छोट्या चौकोनात सगळी सोळा पानं कच्ची काढा, काड्यांची माणसं चालतील, फुगे मात्र तेव्हाच ठरवा, कारण देवनागरीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार ह्यासाठी ओळीत जास्त जागा लागते आणि नंतर फुगा घुसवायला गेलं की चित्र झाकतं. मूळ चित्र ए-फोर कार्ट्रिज पेपरवर, टू-बी पेन्सिल, वर वॉटरप्रूफ शाईचे पेन, बारीक ०.३ आणि जाड ०.८, आणि कापसासाठी ब्रशपेन. मे महिन्यात हाताचा घाम कागदावर उतरतो म्हणून तळहाताखाली एक कोरा कागद ठेवत जा.

स्कॅन ६०० डीपीआयला करा, लाइन ड्रॉइंगला तेवढं पाहिजे. रंग भरायचे असतील तर क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. संवादासाठी बालू किंवा मुक्ता हे फॉन्ट फुकट मिळतात, पण सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात का ते आधी ‘ऱ्ह’ आणि ‘क्ष’ टाईप करून बघा. आवाजाची अक्षरं मात्र हातानेच काढा, फॉन्ट हलत नाही.

छापायचं ए-फाइव्ह आकारात, म्हणजे ए-फोर मधोमध दुमडलेला. एका कागदावर चार पानं बसतात म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, सोळा पानांना चार कागद, मधे दोन पिना. ए-फोरचं ए-फाइव्ह होताना सगळं साधारण ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे मूळ चित्रात ४ मिलिमीटरचं अक्षर छापून पावणेतीनचं होतं, त्याच्या खाली जाऊ नका. शिरोरेषा पानाच्या कडेपर्यंत न्यायची असेल तर ३ मिलिमीटर बाहेरपर्यंत काढा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी कड दिसते. आधी एकच प्रत काढून बघा. माझी पहिली प्रत आली तेव्हा पाचवं पान उलटं लागलेलं होतं.

ती एक प्रत वाचायला कुणाला द्यायची हे पण नीट ठरवा. कॉमिक वाचणारा मित्र सगळं समजून घेतो, त्याचा उपयोग नाही. मी आमच्या गल्लीतल्या एका काकूंना दिली, त्यांनी बरीच वर्षं जिनिंगमध्ये काढलीत आणि त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. आगीचं पान त्यांनी दोनदा बघितलं, काही बोलल्या नाहीत. पुढे शाळेतल्या बाईंचा आवाज जातो त्या पानावर त्यांनी कोऱ्या शिरोरेषेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘आठे काय लिखेल शे?’

मी जिथे सगळ्यात खूश होते तेच त्यांना पोचलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या प्रतीत त्या पॅनलच्या आधी एक अरुंद पॅनल घातला. बाईंच्या फुग्यात ‘गप्प बस’ लिहिलंय, पण ‘स’ रेघेवरून सुटून खाली यायला लागलाय, ‘प्प’ अर्ध्यावर लोंबतोय, आणि ‘ग’ बाईंच्या टेबलावर, हजेरीच्या वहीशेजारी पडलेला आहे. ती प्रत परत काकूंना नेऊन दिली. ह्या वेळेस त्यांनी बोट ‘ग’ वर ठेवलं आणि पान उलटलं.